किती पाणी, किती गार: आवडीचं मद्य आपल्याला हवं तसं जमवण्याची रीत

‘मला व्हिस्की नाही आवडत’ असं कोणी म्हटलं की मी हल्ली एवढंच विचारतो, घेतली कशी होती? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. कोणीतरी हातात ग्लास दिला, मोठा घोट घेतला, घसा भाजला, विषय संपला. बिअर कडू लागली म्हणणाऱ्यानं ती कोमट प्यायलेली असते. रेड वाइन आंबट-तुरट लागली म्हणणाऱ्यानं ती ऐन उन्हाळ्यात, कपाटातून काढून थेट ओतलेली असते. बाटलीत काय आहे यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण चव बरीचशी ठरते ती त्यात किती पाणी गेलं आणि ते किती गार होतं यावर. या दोन गोष्टी हातात आल्या की आपलं आवडतं पेय सापडायला वेळ लागत नाही आणि महागड्या बाटल्याही लागत नाहीत.

आधीच सांगतो, जो घेत नाही त्यानं हे वाचून सुरू करायचं काही कारण नाही. हे लिहिलंय ते घेणाऱ्यांसाठी, त्यातही ‘नेहमीचंच दे’ म्हणून वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं घेणाऱ्यांसाठी.

आधी माप

अंदाजपंचे ओतणं बंद करा. घरात 30 आणि 60 मिलीचं दुतोंडी माप नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं झाकणाचं मापही चालतं. माप दोन कारणांसाठी हवं. एक म्हणजे आज जमलेली चव उद्या पुन्हा जमवता येते. दुसरं म्हणजे आपण नक्की किती घेतली ते कळतं. सैल हातानं ओतलेला पेग 60 चा समजून आपण सहज 80-90 मिली ओतून बसतो.

हिशेब सोपा आहे. मिलीला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणा, 100 नं भागा, आलेल्या आकड्याला 0.79 नं गुणा. शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. 40 टक्क्यांची 60 मिली व्हिस्की म्हणजे साधारण 19 ग्रॅम. 5 टक्क्यांची 330 मिली बिअर म्हणजे 13 ग्रॅम. 13 टक्क्यांची 150 मिली वाइन म्हणजे 15 ग्रॅमच्या वर. ‘मी फक्त वाइन घेतो’ म्हणणारे ग्लास काठोकाठ भरतात तेव्हा ते व्हिस्कीवाल्याच्या पुढे निघून गेलेले असतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

पाण्याची परीक्षा: एक संध्याकाळ, एक पेग

सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग हा. व्हिस्कीवर करा, जुनी रम किंवा ब्रँडीही चालेल.

खाली फुगीर आणि वर निमुळता असा ग्लास घ्या. नसेल तर वाइनचा छोटा ग्लास घ्या. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो. 30 मिली ओता आणि दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा. मग वास घ्या, पण नाक आत खुपसू नका. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूच श्वास घ्या. तोंड मिटलेलं असलं की अल्कोहोलची वाफ नाकात झोंबते आणि बाकीचं काही कळत नाही.

आता चमचाभर, म्हणजे 5 मिलीपेक्षाही कमी, इतकाच घोट घ्या. जिभेवर पसरवा, गिळा, मग नाकानं श्वास सोडा. पहिला घोट भाजणारच, तो जिभेची ओळख करून देण्यापुरता असतो. मत दुसऱ्या घोटावर बनवा.

मग ड्रॉपरनं किंवा चमच्यानं साधं पाणी घाला, आधी 2-3 मिली. वास बदलतो. कधी फळाचा वास पुढे येतो, कधी धूर. यामागे रसायनशास्त्र आहे. 2017 साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून दाखवलं, की व्हिस्कीला धुरकट चव देणारं ग्वायकॉल हे द्रव्य अल्कोहोलचं प्रमाण 45 टक्क्यांपर्यंत असेल तेव्हा द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतं. त्याहून तीव्र मद्यात अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. म्हणून 55-60 टक्क्यांच्या, पिंपातून थेट बाटलीत भरलेल्या कास्क स्ट्रेंग्थ व्हिस्कीला पाणी न घालता पिणं म्हणजे तिचा वास डांबून ठेवणं आहे.

पाणी वाढवत जा. 30 मिली 40 टक्क्यांच्या व्हिस्कीत 10 मिली पाणी म्हणजे 30 टक्के, बरोबरीनं पाणी म्हणजे 20 टक्के. व्हिस्कीच्या कारखान्यांत वेगवेगळ्या पिंपांतल्या नमुन्यांचा वास घेऊन मिश्रण ठरवणारी मंडळी सर्वसाधारणपणे 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करूनच वास घेतात. तेव्हा ‘पाणी घातलं म्हणजे व्हिस्कीचा अपमान’ असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. कुठल्या टप्प्यावर आपल्याला ‘हे छान’ वाटलं तो आकडा लिहून ठेवा. माझा 30 ला 12 आहे. माझ्या एका मित्राचा 30 ला 75, आणि त्याला जपानी लोक मिझुवारी म्हणतात हे कळल्यापासून तो फार ऐटीत असतो.

बर्फ

बर्फानं पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे. एक ग्रॅम पाणी एका अंशानं गार करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते, आणि एक ग्रॅम बर्फ नुसता वितळताना 80 कॅलरी शोषतो. 60 मिली व्हिस्की 25 अंशांवरून 5 वर आणायची तर साधारण 12 ग्रॅम बर्फ वितळावाच लागतो. तेवढं पाणी त्यात जाणारच.

म्हणूनच बर्फाऐवजी व्हिस्कीत टाकायचे ते दगड फारसे कामाचे नाहीत. मला कोणी तरी भेट दिले होते, सुंदर पेटीत. फ्रीजरमधून काढलेला 12 ग्रॅमचा दगड बर्फाच्या तुलनेत जेमतेम विसावा हिस्सा गारवा देतो, कारण दगड वितळत नाही. पाणी नको आणि गारवा हवा असेल तर बाटली किंवा ग्लासच फ्रिजमध्ये ठेवा. माझे दगड आता कागद उडू नयेत म्हणून टेबलावर असतात.

बर्फाचे तुकडे लहान असले तर पृष्ठभाग जास्त, गारवा लवकर, पाणीही लवकर. मोठा, पाच सेंटिमीटरचा तुकडा हळू वितळतो, त्यामुळे अर्धा तास ग्लास हातात धरणाऱ्याला तो बरा. आणि दोन तुकड्यांपेक्षा ग्लासभर बर्फ घातला तर पेय जास्त पातळ होईल ही भीतीही उलटी आहे. भरपूर बर्फात पेय लवकर शून्याजवळ पोचतं आणि मग वितळणं मंदावतं. दोनच तुकडे टाकले तर ते बिचारे झुंजत झुंजत पूर्ण विरघळतात आणि हाती कोमट पाणचट काहीतरी उरतं.

काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा असेल तर उकळलेल्या पाण्याच्या नादी लागू नका, त्यानं फारसा फरक पडत नाही. लहान थर्मोकोलचा किंवा इन्सुलेटेड डबा घ्या, पाणी भरा, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी वरूनच गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे, क्षार खाली ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आधी काढा, खालचा ढगाळ भाग कापून टाका.

आणि बर्फ ताजा हवा. दोन महिने फ्रीजरमध्ये पडलेला बर्फ शेजारच्या डब्यांचे सगळे वास घेऊन येतो.

सोडा घालून

व्हिस्की-सोडा किंवा जिन-टॉनिक बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. उंच ग्लास बर्फानं भरा. मद्य ओता, नुसतं तेवढंच चमच्यानं ढवळून गार करून घ्या. मग फ्रिजमधला गार सोडा ग्लासच्या कडेनं हळू सोडा. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला आणि थांबा. गार पाण्यात वायू जास्त टिकतो, कोमट सोडा बर्फावर पडला की अर्धा तिथेच फसफसून जातो. नंतर खुळखुळ ढवळणं म्हणजे पैसे देऊन घेतलेले बुडबुडे हाकलून देणं.

व्हिस्कीला तीन ते चार पट सोडा, जिनला दोन ते तीन पट टॉनिक, इथून सुरुवात करा. टॉनिक कडू असतं ते क्विनाइनमुळे, त्यामुळेच ते अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. त्यात साखरही बरीच असते. गोड लागत असेल तर अर्धं टॉनिक अर्धा सोडा करून बघा.

कोलात रम घेणाऱ्यांना नाकं मुरडू नयेत. लिंबू पिळलेली रम-कोला ही चांगली जोडी आहे. फक्त पंधरा-वीस वर्षं मुरलेली बाटली त्यात ओतू नका, कारण कोला सगळं झाकतो.

आंबट-गोडाचं एक सूत्र

कॉकटेलची पुस्तकं पाठ करण्याऐवजी हे एकच सूत्र हाताला लावून घ्या: 60 मिली मद्य, 25 मिली लिंबाचा ताजा रस, 20 मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे साखर आणि गरम पाणी समसमान, विरघळवून थंड केलेलं. पांढरी रम घातली की डायकिरी होते, व्हिस्की घातली की व्हिस्की सॉर. टकिला घातली आणि पाकाच्या जागी संत्र्याची लिकर, म्हणजे संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य, घेतली की मार्गारिटा.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते, पण तिच्यात सोडा कधीही घालून हलवू नका. रस, पाक, मद्य आत घाला आणि बर्फ घालायच्या आधी थेंबभर चाखा. इथे बहुतेकांची चूक होते. गारव्यात गोडपणा दबतो, म्हणून खोलीच्या तापमानाला ते थोडं जास्त गोड वाटायला हवं. आत्ता बरोबर वाटलं तर गार झाल्यावर आंबट लागणार. मग बाटली तोंडापर्यंत बर्फानं भरा आणि 12 ते 15 सेकंद जीव खाऊन हलवा. बाहेरून दव धरलं, हाताला चटका बसायला लागला की थांबा. गाळून लगेच प्या. या हलवण्यात बर्फाचं पाणी चांगलंच उतरतं, तयार पेयाचा साधारण चौथा हिस्सा तेच असतं. पाणी कमी उतरलं तर तेच पेय बोचरं लागतं.

लिंबू आयत्या वेळी पिळा. बाटलीतला रस घालून हे सूत्र फसलं तर सूत्राला दोष देऊ नका.

रस, साय किंवा अंडं असेल तर हलवायचं. नुसती मद्यंच एकत्र येणार असतील तर बर्फावर ढवळायचं, म्हणजे हवेचे कण मिसळून पेय गढूळ होत नाही. निग्रोनी त्यातली सगळ्यात सोपी: जिन, कांपारी (लाल, कडू मद्य) आणि गोड वर्मूथ (औषधी मुळ्या घातलेली वाइन), प्रत्येकी 30 मिली, मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळून. पहिल्यांदा कडू लागेल. आवडली नाही तर सोडून द्या, जग कौतुक करतंय म्हणून आपण करायलाच हवं असं काही नाही.

बिअर

बिअर फार गार प्यायली तर चव कळत नाही आणि कमी गार असली तर कडवटपणा अंगावर येतो. हलक्या लागरला 4 ते 7 अंश, गहिऱ्या एल आणि स्टाउटला 8 ते 13. स्टाउट फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, भाजलेल्या धान्याचा, कॉफीसारखा वास तेव्हा उघडतो.

ग्लास स्वच्छ हवा, म्हणजे तेल आणि साबणाचा अंशही नको. ग्लासच्या आतल्या भिंतीवर बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो ग्लास मळका आहे. 45 अंशांत तिरपा धरून अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता आणि दोन बोटं फेस येऊ द्या. फेस टाळण्याला लोक कौशल्य समजतात. तो यायलाच हवा, त्यात वास असतो आणि ओततानाच जादा वायू निघून गेल्यामुळे पोट कमी फुगतं.

बाटली उन्हात ठेवू नका. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधली द्रव्यं प्रकाशात फुटतात आणि स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी नातं सांगणारं गंधकयुक्त रसायन तयार होतं. तपकिरी काच त्यापासून बरीच वाचवते, हिरवी फारशी नाही, पांढरी जवळपास नाहीच.

लवकर गार करायची असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ असलेल्या बादलीत बाटली बुडवा, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. मी विसरलोय. काचा आणि गोठलेली बिअर वेगळी करणं हा संध्याकाळ घालवायचा चांगला मार्ग नव्हे.

वाइन

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ घ्यावी हा सल्ला थंड घरांतला आहे. तिला 15 ते 18 अंश मानवतात. खोली 28 अंशांवर असेल तर बाटली वीस-तीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. कोमट रेड वाइनमध्ये अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी सगळं सैल पडतं. व्हाइट वाइन मात्र फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, 8 ते 12 अंश पुरेत. ग्लास एक तृतीयांशच भरा म्हणजे फिरवायला जागा राहते. तोंड कोरडं करणारा तुरटपणा टॅनिनचा असतो. तो जास्त वाटला तर चीजसारखं काही स्निग्ध सोबत घ्या, लगेच मऊ होतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय, तो तुमच्या जिभेचा दोष नाही.

फेसाळत्या शॅम्पेनच्या बाटलीत 5 ते 6 वातावरणांइतका दाब असतो. आधी चांगली गार करा. तार काढताना अंगठा बुचावरून हलवू नका, तोंड माणसांपासून दूर ठेवा. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. धडाम आवाजापेक्षा हलकासा सुस्कारा आला तर उघडणाऱ्याला अनुभव आहे असं समजतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

टकिला मीठ-लिंबू लावून घशात ओतायची सवय वाईट टकिलामुळे लागली. लेबलवर शंभर टक्के अगावे (टकिला जिच्यापासून होते ती वनस्पती) लिहिलेली, ओकच्या पिंपात किमान दोन महिने मुरलेली रेपोसादो साध्या ग्लासात हळूहळू घेऊन बघा. व्होडका फ्रीजरमध्ये खुशाल ठेवा, 40 टक्क्यांची घरगुती फ्रीजरमध्ये गोठत नाही, दाट होते. ब्रँडीचा ग्लास मेणबत्तीवर तापवू नका, वासाआधी अल्कोहोलच उडून नाकात येतं. तळहाताची ऊब पुरते. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, गरमही घेतात आणि गारही. तांदूळ जास्त घासून केलेली सुवासिक गिंजो गार बरी, साधी 40-45 अंशांना कोमट. उझो किंवा अ‍ॅबसिंथमध्ये पाणी घातल्यावर दुधासारखं होतं तेव्हा घाबरू नका. बडीशेपेच्या वासाचं अ‍ॅनेथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून ते बारीक थेंबांत वेगळं होतं.

वेग

यकृत तासाला साधारण 7-8 ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं. म्हणजे वर काढलेल्या 19 ग्रॅमच्या एका पेगला अडीच तास. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, लिंबूपाणी यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही. कॉफीनं माणूस जागा होतो, चढलेली तशीच राहते. घ्यायची असेल त्या दिवशी गाडीची सोय आधी करा, तिसऱ्या पेगनंतर केलेला विचार विचार नसतो.

रिकाम्या पोटी नको. पोटात अन्न असलं की मद्य लहान आतड्यात हळू उतरतं आणि रक्तात चढायला वेळ लागतो. चखणा नंतर येणार असेल तर आधी थोडं जेवून घ्या. खारट चखण्यानं तहान वाढते आणि ती बिअरनं भागवली जाते, तेव्हा पाण्याचा ग्लास शेजारीच ठेवा आणि प्रत्येक पेयामागे तो एकदा रिकामा करा.

पॅरासिटामॉल, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू असेल, पोटात बाळ असेल, तर त्या काळात अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला निर्धोक असं मद्याचं कुठलंही प्रमाण नाही. हे वाचून वाईट वाटतं, पण खोटं ठरत नाही. ज्या दारूचं मूळ माहीत नाही ती कधीच घेऊ नका. तिच्यात मिथेनॉल असेल तर ते वासानं किंवा चवीनं ओळखता येत नाही आणि डोळे जातात, जीवही जातो.

उरलेली बाटली

व्हिस्की, रम, ब्रँडी उभी ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र मद्य बूच खातं. बाटली पाव उरली की आत हवा वाढते आणि महिन्याभरात चव बोथट व्हायला लागते, तेव्हा छोट्या बाटलीत काढा. बुचाची न उघडलेली वाइन मात्र आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस टिकते, रेड असली तरी फ्रिजमध्येच.

आणि वर्मूथ. ती वाइनच आहे, थोडं जास्त अल्कोहोल आणि औषधी मुळ्या घातलेली. लोक ती उघडून कपाटात वर्षभर ठेवतात आणि मग निग्रोनीला नावं ठेवतात. उघडली की फ्रिजमध्ये, आणि दोनेक महिन्यांत संपवा. माझी सध्याची बाटली कधी उघडली ते झाकणावर पेननं लिहिलंय, कारण मागच्या वेळी मीही नावंच ठेवत बसलो होतो.